जुनी आर-१५ घेताना या चुका टाळा

दिवाळीनंतर कापसाचा पहिला पैसा हाती आला की यवतमाळ-अमरावतीकडच्या खेड्यांत सेकंडहँड गाड्यांची चौकशी सुरू होते, आणि त्यात यामाहाची आर-१५ ही मोटारसायकल हमखास असते. २००८ साली आलेल्या या गाडीच्या आतापर्यंत व्ही-वन ते व्ही-फोर अशा चार पिढ्या झाल्या असून त्यांच्या किमतींत मोठे अंतर आहे. फसगत बहुधा याच अंतरात होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पेहरावावरून पिढी ओळखणे. माझ्या चुलतभावाने ‘व्ही-टू’ म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात व्ही-वन होती. शेपूट, सीट आणि स्टिकर तेवढे नव्या पिढीचे बसवले होते. मागचे चाक धरून ठेवणारा स्विंगआर्म व्ही-वनमध्ये लोखंडी होता आणि २०११च्या व्ही-टूपासून तो अॅल्युमिनियमचा झाला, त्यामुळे खिशातला साधा लोहचुंबक तेथे लावून पाहिला असता तरी हा घोळ उघड झाला असता. व्ही-थ्रीचा मुखवटा चढवलेली व्ही-टू ओळखणे त्याहून सोपे आहे, कारण २०१८ साली इंजिन १४९ सीसीवरून १५५ सीसीचे झाले आणि हा आकडा आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, छापलेला असतो. ‘एस’ या अक्षरावर मात्र विसंबू नये. २०१५ची आर-१५ एस व्ही-टूवर आधारलेली होती आणि २०२१ची व्ही-थ्रीवर, त्यामुळे नाव एकच असले तरी भाव एक नसावा.

दुसरी चूक म्हणजे केवळ नोंदणीचे वर्ष पाहून भावाची तुलना करणे. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, परंतु त्याआधी तयार झालेला माल मार्चअखेरपर्यंत विकला गेला. म्हणून ‘२०१९ची व्ही-थ्री’ एवढ्यावर समाधान न मानता आरसीवरील उत्पादनाचा महिना पाहावा आणि चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून गाडी चालू लागल्यावर विझतो का, हे तपासावे. दिवा मुळीच लागत नसेल, तर बिघाड लपवण्यासाठी तो काढून टाकला असण्याची शक्यता धरावी. परदेशातील व्हिडिओ पाहून मत बनवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की इंडोनेशियातील व्ही-थ्रीला पुढे उलटे फोर्क (जाड नळी वरच्या बाजूला असलेले पुढचे शॉक-अब्सॉर्बर) होते, भारतातील व्ही-थ्रीला साधे. आपल्याकडे उलटे फोर्क २०२१च्या व्ही-फोरबरोबर आले.

इंजिनाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘धूर मारते तर बोअर करून घेऊ’ हा गावच्या मिस्त्रीचा सल्ला या गाडीला लागू होत नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीच्या सिलिंडरमध्ये लोखंडी लाइनर, म्हणजे आतले नळीसारखे अस्तर, असतो आणि तो कातून मोठा पिस्टन बसवता येतो. आर-१५चा सिलिंडर मात्र सिलिकॉनयुक्त अॅल्युमिनियमचा, लाइनरविना ओतलेला असतो. त्याच्या आतल्या भिंतीला ओरखडे पडले की सहसा सिलिंडरच बदलावा लागतो, आणि मग स्वस्तात मिळालेली व्ही-वन चांगल्या व्ही-टूच्या भावात जाते. म्हणून विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन सुरू करताना आणि नंतर रेस सोडून पुन्हा देताना निळसर धूर दिसला, तर ऑइल जळत आहे. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आत शिरत आहे. व्ही-थ्री किंवा व्ही-फोर असेल तर ७,४०० आरपीएमच्या पुढे मीटरवर व्हीव्हीएचे (इंजिनाच्या वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या यंत्रणेचे) चिन्ह उमटते का आणि ओढ बदलते का, हेही पाहावे.

कूलंटकडे होणारे दुर्लक्ष हा आपल्या भागाचा खास रोग आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या अकोला-चंद्रपूर पट्ट्यात कूलंट संपले की बोअरवेलचे जड पाणी ओतले जाते, त्याचे क्षार रेडिएटरमध्ये धरतात आणि बाहेरच्या जाळीत काळ्या मातीचा चिखल सुकून बसतो. फेअरिंगमुळे, म्हणजे बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणामुळे, यातले काहीच वरून दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून आतला द्रव रंगीत आहे की गढूळ, ते पाहावे. नंतर गाडी उभ्याउभ्या तापू देऊन पंखा आपोआप फिरू लागतो का, याची खात्री करावी. पंखा फिरत नसेल तर दोष फ्यूजपासून मोटरपर्यंत कोठेही असू शकतो, आणि तो शोधण्याचा खर्च विक्रेत्याने सोसावा.

कागदपत्रांत आरसीवर फायनान्स कंपनीचे नाव असेल तर तिचे ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०, आणि थकलेली ई-चलाने, एवढे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २००८-०९च्या गाड्यांची नोंदणीची १५ वर्षे भरली आहेत. नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर यांचा हिशेब किमतीतच धरावा.

माझे मत विचाराल तर रोज पांदणीच्या रस्त्याने जाणाऱ्याने एबीएस असलेली व्ही-थ्री शोधावी, मात्र मागे आईला किंवा वडिलांना बसवायचे असेल तर तिची उंच मागची सीट आधी त्यांना दाखवावी. व्ही-वनचे एकसंध लांब आसन त्या कामाला अजूनही बरे. भावाची घासाघीस करायची असेल, तर कापूस विकल्यानंतरच्या गर्दीपेक्षा मृग तोंडावर आलेला काळ चांगला, कारण तेव्हा बियाण्या-खतासाठी विक्रेत्यालाच रोख रकमेची निकड असते.