ग्रीक बेटांवर फेरीबोटीने फिरताना या चुका टाळा

सँटोरिनी, नॅक्सोस, पॅरोस, मायकोनोस ही सायक्लेडीज बेटं फिरायला सोपी आहेत, पण सहलीचा विचका बहुतेकदा एकाच चुकीने होतो. शेवटच्या बेटावरून निघणारी फेरी आणि अथेन्सहून परतीचं विमान एकाच दिवशी ठेवलेलं असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे मेल्तेमी हा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. आभाळ निरभ्र, ऊन कडक आणि तरी बोटी बंद! गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद होते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे लख्ख उन्हात बोट रद्द झाली यावर धक्क्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. वारा साधारण ८-९ बोफर्टवर (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) गेला की बंदर अधिकारी बोटींना मनाई करतात. हलक्या, वेगवान बोटी आधी थांबतात, मोठ्या कारफेरी शेवटी. वाऱ्याच्या दिवसांत तिकीट काढायचं तर मोठ्या बोटीचंच काढा. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सँटोरिनीला तिला जवळपास ८ तास लागतात, वेगवान बोटीला ५ तास. पण मोठी बोट कमी हेलकावते आणि बाहेर डेकवर बसता येतं. शेवटची रात्र अथेन्समध्येच काढा.

फेरी रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर युरोपीय संघाच्या नियमानुसार दुसऱ्या बोटीने प्रवास किंवा तिकिटाचे पैसे परत, यातलं एक तुम्ही निवडायचं. धोकादायक हवामानामुळे अडकलात तर हॉटेलचा खर्च मात्र कंपनीवर बंधनकारक नाही.

चुकीचं बंदर, चुकीचं दार

अथेन्सची फेरी म्हणजे पिरेअस, असं गृहीत धरू नका. मायकोनोस, तिनोस, आंद्रोसच्या बऱ्याच बोटी राफिनाहून सुटतात आणि विमानतळावरून राफिनाच जवळ पडतं. पिरेअसला जायचं तर विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाईन थेट जाते, साधारण तासाभरात. रात्री मेट्रो नसते तेव्हा एक्स९६ बस धरा, ती चोवीस तास चालते. पिरेअस बंदर अवाढव्य आहे. त्याची दारं ई१, ई२ अशी नंबरांनी ओळखतात आणि टोकाच्या दारांपर्यंत सामान ओढत नेण्यातच बोट सुटू शकते. दाराचा नंबर आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि बोटीच्या तासभर आधी बंदरात पोहोचा.

वेळापत्रकात सँटोरिनी सापडली नाही तर ‘थिरा’ शोधा, ते तिचंच नाव. समोरचं थिरासिया हे बेट मात्र वेगळं. आणि ‘होरा’ म्हणजे बेटाचं मुख्य गाव. ते जवळपास प्रत्येक बेटावर असतं, तेव्हा हॉटेल बुक करताना बेटाचंही नाव तपासा.

उतरताना

मधल्या बेटावर बोट मोजकी मिनिटं थांबते. बॅगा खाली गाड्यांच्या डेकवरच्या रॅकवर ठेवतात आणि रॅकवर बेटांची नावं असतात. पॅरोसची बॅग घाईत नॅक्सोसच्या रॅकवर टाकली की उतरताना शोधाशोध ठरलेली. घोषणा झाली की लगेच खाली जा. बोट अजून वळत असते, डिझेलचा वास दाटलेला असतो आणि मागचा रॅम्प टेकताच लोंढा निघतो. पासपोर्ट, पैसे, औषधं त्या बॅगेत ठेवू नका.

स्कूटर आणि बस

भारतीय परवान्यावर गाडी भाड्याने घ्यायची तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढावा लागतो, मुदत जास्तीत जास्त १ वर्ष. दुचाकी चालवणार असाल तर मूळ परवान्यात तो वर्ग नोंदलेला आहे ना, हे बघा. कागद न मागता चावी देणारा दुकानदार भेटेलही, पण अपघात झाला की विमा कंपनी तेच कागद मागते. टायर, गाडीचा तळ आणि कच्चा रस्ता अनेकदा विम्यात बसत नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा.

सँटोरिनीत फेरी अथिनिओसला लागते, कड्याच्या तळाशी. तिथून ‘फिरा’ या बेटाच्या मुख्य गावाला बस आहे. बेटावरच्या जवळजवळ सगळ्या बसचा अड्डा ‘फिरा’च, त्यामुळे ओइया गावाला जातानाही तिथे बस बदलावी लागते. तिकीट बसमध्येच मिळतं, सुटे युरो जवळ ठेवा. ओइयात सूर्यास्त संपला की सगळी गर्दी एकाच थांब्यावर येते. दहा मिनिटं आधी उठलात तर निदान उभं राहायला जागा मिळेल.