जुन्या बुलेटचा गिअर आणि करंट

माझी ३५० बुलेट १९७४ची. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत बरीच वर्षं पडून होती. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर होतो तेव्हा ती घेतली आणि टेम्पोत घालून खानापूरला आणली. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. बॅटरी ६ व्होल्टची, इग्निशन पॉइंटचं, म्हणजे उघडमीट करणारी दोन टोकं कॉइलचा प्रवाह तोडतात आणि प्लगला ठिणगी पडते. अशी गाडी तुमच्याकडे असेल आणि गिअर अडत असेल, किंवा किक मारून मारून पाय दुखला तरी प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, येत नसेल, तर पाना उचलण्याआधी एवढं बघा.

आधी गिअर. गिअर पडत नाही म्हटलं की बरेच मेस्त्री थेट गिअरबॉक्स उघडायला घेतात. माझ्या गाडीचा बॉक्स शहरातल्या एका गॅरेजात असाच उघडला गेला. दोन गिअर आणि एक बुश बदलला, पैसे गेले, आणि पहिला गिअर टाकताना होणारा खाडकन आवाज होता तिथंच राहिला. दोष क्लचचा होता. ते मला फार लागलं, कारण काढलेले गिअर मी घरी आणून पुसून बघितले तर त्यांचे दात अजून चांगले होते.

क्लच तपासायला काही उघडावं लागत नाही. इंजिन बंद ठेवा, गाडी न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबून धरा आणि किक पायाने हळू खाली न्या. या गाडीची किक गिअरबॉक्स आणि क्लचमधून इंजिन फिरवते. त्यामुळे क्लच नीट सुटत असेल तर किक मोकळी खाली जाते, पिस्टनचा दाब पायाला लागत नाही. दाब लागला तर प्लेटा चिकटताहेत, आणि मग गिअर अडणारच. उलट क्लच न दाबता मारलेली किक दाबावर सटकून रिकामी जात असेल, तर क्लच घसरतोय.

प्लेटा चिकटत असतील तर आधी क्लच वायरचा ढिलेपणा बघा. लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर असावा. वायर आतून तुटत आली असेल तर कितीही ॲडजस्ट करा, दोन दिवसांत पुन्हा तेच. वायर चांगली असूनही लिव्हरला ढिलाई फार राहत असेल, तर गिअरबॉक्सच्या कव्हरवरची छोटी झाकणी काढून आतला स्क्रू आणि लॉकनट बघा. त्यानंतर प्रायमरी चेनकेसमधलं, म्हणजे इंजिनकडून क्लचकडे जाणारी चेन असते त्या डब्यातलं तेल. तिथं गिअरबॉक्सचं जाड ९० नंबरचं तेल ओतलेलं मी पुष्कळ गाड्यांत बघितलंय. जाड तेलात प्लेटा एकमेकींना धरून बसतात, थंडीच्या सकाळी तर जास्तच. इंजिनचं पातळ तेल घाला. आणि रोज पहिल्यांदा चालू करण्याआधी क्लच दाबून चार-पाच किका मारा, रात्रभर चिकटलेल्या प्लेटा सुटतात.

एवढं करूनही गिअर मध्येच निसटत असेल किंवा दोन गिअरांच्या मध्ये न्यूट्रल सापडत असेल, तरच गिअरबॉक्सकडे वळा. तिथंही बाहेरून सुरुवात करा: पायाचा लिव्हर शाफ्टवर ढिला आहे का, त्याचे दाते झिजलेत का. मग बाहेरचं कव्हर काढून रॅचेटची (एका वेळी एकच गिअर सरकवणाऱ्या यंत्रणेची) ॲडजस्टर प्लेट बघा. ती दोन बोल्टांवर थोडी सरकते. वर जाताना गिअर पुरा बसतो पण खाली येताना बसत नाही, किंवा उलट, असं असेल तर प्लेट मधोमध नाही. सरकवण्याआधी जुन्या जागेची खूण करा. हे सगळं बरोबर असून दुसरा गिअर जोर दिल्यावर बाहेर पडत असेल, तर मात्र आतले डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दाते) झिजलेत, मग बॉक्स उघडायला हरकत नाही. टाचेने दाबायचा न्यूट्रलचा लिव्हर चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्यातून चालतो, पहिल्यातून नाही. तो बिघाड समजू नका.

आता करंट. माझा जीव जास्त इथं आहे.

हेडलाइटवरचा ॲमीटर, म्हणजे बॅटरीत प्रवाह येतोय की जातोय ते दाखवणारा काटा, हा या गाडीतला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. चावी फिरवा, लाइट बंद ठेवा आणि किक अगदी हळू खाली न्या. पॉइंट मिटलेले असताना काटा उणेकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. असा डुलला म्हणजे बॅटरी, चावी, वायर, कॉइल आणि पॉइंट यांतून प्रवाह जातोय. अजिबात हलला नाही तर बॅटरीपासून तपासा: टर्मिनलवरची पांढरी बुरशी, फ्रेमला जोडलेल्या अर्थिंगखालचा गंज, फ्यूज. काटा उणेकडेच चिकटून राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत, नाहीतर ती वायर कुठंतरी अर्थ होतेय. एक ध्यानात ठेवा, पॉइंट मिटलेले असताना चावी चालू सोडू नका, कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

एका जुलैत जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याच्या रस्त्यावर, धो धो पावसात माझी गाडी अशीच थांबली. काटा उणेवरून हलेना. झाडाखाली छत्री धरून कव्हर काढलं तर पॉइंटची फायबरची टाच झिजून गॅप जवळजवळ मिटलेली. कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) ग्रीसचा कण नव्हता, म्हणून झिजली. गॅप मोजायचा फिलर गेज जवळ नव्हता. अंदाजाने गॅप लावून घरी आलो, दुसऱ्या दिवशी नीट बसवला. टाच कॅमच्या सगळ्यात उंच जागी असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट काळे असतील तर बारीक फाइलने हलके घासा, खरखरीत पॉलिश पेपर नको, त्याचे कण आत अडकतात. शेवटी पेट्रोलमध्ये बुडवलेला कागद मध्ये ओढून घ्या. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग.

पॉइंटमध्येच निळा जाळ दिसत असेल आणि प्लगला करंट पिवळा, बारीक येत असेल तर पॉइंटमधला जाळ आवरणारा कंडेन्सर गेला. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होते, असं असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तो बदलून बघा. बेळगावच्या शहापुरात एक कन्नड मेस्त्री होते, त्यांच्याकडून मी हे काम शिकलो. माझा हात घाईला आला की ते म्हणायचे, "निधान, निधान." म्हणजे हळू. एका वेळी एकच वस्तू बदलायची, चालवून बघायची, मग दुसरी. पॉइंट, कंडेन्सर, प्लग तिन्ही एकदम बदलले तर गाडी चालू होईलही, पण दोष कुठं होता ते कळत नाही.

आमच्याकडच्या पावसाळ्यात प्लगची वायर आणि टोपी रात्री अंधारात बघा. इंजिन चालू असताना वायरवरून निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर वायर तडकलीय, ती बदला. त्या वेळी तिला हात लावू नका.

किक उलटी येत असेल तर टायमिंग फार पुढं गेलंय, किंवा पॉइंटच्या मागच्या ॲडव्हान्स युनिटच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा ढिल्या होऊन वजनं बाहेरच अडकलीत. ते नीट होईपर्यंत त्या गाडीला किक मारू नका, मुलांना तर मारू देऊच नका. घोटा मोडतो.

माझ्या टूलबॉक्समध्ये आता फिलर गेज, पॉइंटचा सेट, कंडेन्सर, क्लच वायर, प्लग आणि ग्रीसची छोटी डबी असते. चोर्ला उतरायचा असो की नुसतं नंदगडच्या बाजाराला जायचं असो, डबी भरलेली आहे की नाही ते निघण्याआधी बघतो.