घरी सूत कातून रंगवताय? मग या चुका तरी टाळा

"काकू, रंग बसलाच नाही," असं म्हणत जी लड, म्हणजे सुताची गुंडाळलेली जुडी, माझ्यासमोर येते, तिच्यात बिचाऱ्या रंगाचा दोष बहुधा नसतोच. मंजिष्ठ, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, चांगली असते, गॅसही नीट मंद ठेवलेला असतो. बिघाड त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो: कापूस घेताना, लड बांधताना आणि मुख्य म्हणजे उकळण्याचा कंटाळा केला तेव्हा. बडोद्यात रविवारी गच्चीवर चार जणी जमतात, त्यांना मी हेच सांगत असते. ऐकणारी एखादीच. बाकीच्यांना पहिल्याच रविवारी निळं उपरणं घरी न्यायचं असतं.

औषधाच्या दुकानातला कापूस

निळ्या कागदात गुंडाळलेला तो कापूस कातायला आणू नका. तो आधीच धुऊन, विरंजित करून आलेला असतो. तंतूवरचं नैसर्गिक मेण गेलेलं, तंतू आखूड आणि गुठळ्याच गुठळ्या. धागा हातभर येतो आणि तुटतो. मग चरख्याला दोष द्यायचा, चातीला, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईला, दोष द्यायचा. गादीवाल्याकडचा कापूसही नको. त्यात बऱ्याचदा गिरणीतलं उरलंसुरलं असतं. देवाच्या वाती वळायला दोन्ही चालतात. वातीला दिव्यात फक्त जळायचं असतं, सुताला मागावरचा ताण सोसायचा असतो.

कापूस सरकी काढलेला, नीट पिंजलेला हवा, आणि शक्य असेल तर तयार पेळूच, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या कातायला वळलेल्या लांबट वळ्याच, घ्या. आपण बसलोय कापसाच्या मुलखात. करजणकडे जा, काळ्या मातीत कापूसच कापूस. तरी पेळू मिळवणं ही इथली जुनीच डोकेदुखी आहे. गांधीजींच्या सांगण्यावरून गंगाबेन मजमुदार चरखा शोधत फिरल्या आणि तो त्यांना सापडला आपल्याच बडोदा संस्थानातल्या विजापुरात. लोकांनी चरखे अडगळीत टाकलेले होते. पेळू नियमित देणार असाल आणि सूत विकत घेणार असाल तर कातू, असं त्यांचं म्हणणं. चरखा मिळाला तरी पेळूंची सोय करणं अवघडच गेलं. म्हणजे घोडं तेव्हाही तिथेच अडलं होतं.

शंकर-६ या वाणाच्या कापसाचा तंतू 28-29 मिलिमीटरच्या आसपास असतो, शिकाऊ हाताला तो बरा. कच्छचा काला कपास सुंदर, पण आखूड. त्याच्या वाट्याला पहिल्या वर्षी जाऊ नका.

पीळ

पीळ कमी पडला तर धागा हातातच सुटतो, हे लगेच कळतं. जास्त पीळ मात्र लबाड असतो. चातीवर असेपर्यंत सूत देखणं दिसतं आणि फाळक्यावरून, म्हणजे लड करायच्या चौकटीवरून, उतरवून सैल सोडलं की स्वतःभोवतीच वेटोळी घालून बसतं. कातताना अधूनमधून हातभर धागा सैल सोडून दुमडा. दोन पदर एकमेकांभोवती शांतपणे वळले तर ठीक. गाठोडं झालं तर चाक जरा कमी फिरवा, पेळू जरा लांब ओढा. कापसाला लोकरीपेक्षा पीळ जास्त लागतो हे खरंच, कारण तंतू आखूड. पण म्हणून दोरखंड वळायचा नाही.

मे महिन्यात भर दुपारी कातायला बसू नका. कोरड्या हवेत कापूस ठिसूळ वागतो, ओलाव्यानं त्याला बळ येतं. सकाळी लवकर बसा, नाहीतर पेळूंच्या डब्याशेजारी ओलं फडकं ठेवा. मी फडकं ठेवते, कारण पहाटे उठून कातण्याइतकी मी गांधीवादी नाही.

न उकळता रंगवणं: माझा सगळ्यात नावडता अपराध

कच्च्या सुतावर मेण असतं, पेक्टिन असतं, आणि चार महिने हाताळून लागलेलं आपल्या बोटांचं तेलही असतं. त्यावर पाणीच ठरत नाही, तर रंग काय ठरणार? पण सूत दिसायला पांढरं असतं, म्हणून लोकांना वाटतं ते स्वच्छ आहे.

एक मुलगी यायची, नोकरीनिमित्त इथे आलेली. हुशार, हात हलका. भावाच्या लग्नात त्याला स्वतः कातलेल्या सुताचं उपरणं द्यायचं तिच्या मनात होतं. अख्खा पावसाळा पेटीचरख्यावर बसून तिनं सूत कातलं. आणि रंगवायच्या वेळी घाई. लग्न जवळ आलं, हातमागवाल्याला सूत द्यायचं होतं. तिनं उकळणं गाळलं. शिवाय लडी बांधल्या त्या केसांच्या रबरानं, एकेकीला एकाच ठिकाणी, करकचून.

मंजिष्ठीच्या पातेल्यातून लडी निघाल्या तेव्हा वरून विटकरी लाल होत्या, म्हणून ती खूश. वाळल्यावर पदर उलगडले तर आत गुलाबी, कुठे नुसतेच पांढरे, आणि रबराच्या जागी कोऱ्या कागदासारखा पट्टा. त्यात एकाच जागी बांधल्यामुळे सगळा गुंता. दोन-तीन संध्याकाळी आम्ही दोघी आणि तिची घरमालकीण मांडीवर लडी घेऊन बसलो होतो. घरमालकीण मध्येच म्हणाली, "बेन, दुकानातून घेतलं असतं तर?" मुलगी गप्प.

तोवर खरं तर सगळं सावरता येत होतं. सोड्यात उकळायचं, पुन्हा तुरटी द्यायची, पुन्हा मंजिष्ठीत घालायचं. चार दिवसांचं काम. पण तिला कुणीतरी सांगितलं, हिराकस (लोखंडाचं मीठ) टाक, गडद होईल, डाग लपतील. तिनं घरी जाऊन मूठभर टाकली आणि उकळली! डाग लपले, कबूल. सूत काळपट जांभळं झालं आणि हाताला काथ्यासारखं राठ लागायला लागलं. हातमागवाल्यानं ताणा (मागावरचे उभे धागे) लावला, तर धागे पटापट तुटायला लागले. त्यानं सूत परत दिलं. भावाला शेवटी दुकानातलं उपरणं गेलं.

तर उकळायचं असं. लड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी स्टीलच्या मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, 100 ग्रॅम सुताला दोन छोटे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घाला, आणि तासभर मंद उकळू द्या. धुण्याचा सोडा म्हणतेय मी; खमणात घालतात तो खाण्याचा सोडा नव्हे, त्यानं काही होत नाही. पाणी चहासारखं पिवळट तपकिरी होईल. ते बघूनच लोकांना पटतं की पांढऱ्या सुतात एवढं काय काय होतं. फार गढूळ झालं तर पाणी बदलून पुन्हा उकळा. शेवटी खळखळून धुवा आणि वाळल्यावर सुतावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच जिरला तर झालं. मण्यासारखा वर बसून राहिला तर परत पातेल्यात. आणि या उकळण्यानं पीळही बसतो, वेटोळी कमी होतात.

लड चार जागी बांधा, सुती दोऱ्यानं, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा देऊन आणि इतकी सैल की दोन बोटं आत जातील. रबर घरात दिसलं तरी केसांनाच लावा.

मीठ-व्हिनेगरचा मंत्र

कुठल्याही व्हिडिओत बघा: रंग पक्का करायला मूठभर मीठ, वाटीभर व्हिनेगर. कोशिंबीर करायची असेल तर छान आहे. मीठ लागतं ते पुडीतल्या काही रासायनिक रंगांना, पाण्यातला रंग सुताकडे ढकलायला. व्हिनेगर लागतं लोकर आणि रेशमावरच्या आम्लरंगांना. कापूस आणि झाडपाल्याचा रंग या जोडीत दोघांचंही काम नाही.

कापसाला पकड हवी असते ती तुरटीची. पण तुरटीसुद्धा नुसत्या कापसावर नीट थांबत नाही, म्हणून आधी हिरडा. लोकरीला हिरडा नको, तिच्यातली प्रथिनंच तुरटीला धरून ठेवतात. 100 ग्रॅम सुताला 20 ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात लड रात्रभर ठेवा. पिळून काढा, खळखळून धुऊ नका. मग 15 ते 20 ग्रॅम तुरटी वेगळ्या गरम पाण्यात विरघळवा, त्यात चिमूट-दोन चिमूट धुण्याचा सोडा घाला. फसफसून वर येईल, म्हणून भांडं मोठं घ्या. यात पुन्हा एक रात्र. जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात दोन्ही मिळतं. इथे हरडे आणि फटकडी म्हणून मागा, आणि फटकडी पांढरीच घ्या.

"दोन रात्री?" हो, दोन रात्री. याच शहरात 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही उद्योगशाळा काढली आणि त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनाचा जाणकार तिथे प्रमुख नेमला. रंगाई हा तिथला शिकवायचा विषय होता. रंगाई शिकावी लागते हे महाराजांना कळलं होतं, आपल्याला मात्र अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत आटपायचं असतं.

वजन

वर मी जे ग्रॅम सांगितले ते कोरड्या सुताचे. ओली लड तोलायची नाही, "साधारण एवढं असेल" असंही नाही. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. उपरण्याचं सगळं सूत एकाच पातेल्यात, एकाच वेळी रंगवा. दुसऱ्या खेपेला तोच रंग येत नाही, माझाही येत नाही, ज्यांचा येतो म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

बाकीचं भराभर

हळद: सुंदर, आणि उन्हात उडते. साबण लागला की लाल होते. पिवळा हवा तर डाळिंबाच्या साली किंवा झेंडू घ्या. सणानंतर खंडेराव मार्केटात शिळी फुलं मिळतात, ती चालतात.

बीट: खा.

मोरचूद: घरात नको, विषारी आहे.

भांडी: स्टील किंवा न टवका उडालेलं एनॅमल. लोखंडी कढईत पिवळा मळकट होतो. आणि रंगाचं पातेलं स्वयंपाकाला परत जात नाही, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.

पाणी: बोअरचं पाणी जड असतं. मंजिष्ठीला थोडा चुना मानवतो, पण पाण्यात लोह असेल तर सगळेच रंग मळतात. महापालिकेच्या नळाचं वापरा किंवा पावसाचं साठवा.

हिराकस: सुताच्या वजनाच्या एक ते दोन टक्के, तीही शेवटी, थोडा वेळ. मुठीनं कधीही नाही.

लोकर: गरम पाण्यातून काढून गार नळाखाली धरलीत तर तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. पातेल्यातच निवू द्या, ढवळत बसू नका.

पावसाळ्यात रंगवलेली लड: पंख्याखाली, त्याच दिवशी वाळवा. ओली गुंडाळून ठेवलीत तर बुरशी येते आणि तिचे ठिपके जात नाहीत.

गुळी

गुळीला, म्हणजे निळीच्या रंगाला, तुरटी नको, हिरडा नको. तिची तऱ्हाच वेगळी. एक भाग गुळी, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर (फ्रुक्टोज) या मापाचं पातेलं घरी जमतं; फळसाखरेऐवजी गूळही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. पाणी पिवळट हिरवं झालं नाही तोवर सूत बुडवू नका. निळ्या पाण्यात बुडवलेलं सूत निळं दिसतं आणि धुतलं की पांढरं होतं. यावर रडणारी दरवर्षी एकतरी असते. लड हळूच आत सोडायची, फेस करायचा नाही, दोन-चार मिनिटांनी काढायची, हवेत निळी होऊ द्यायची, पुन्हा बुडवायची. गडद हवा असेल तर बुडव्या वाढवा. एकदाच तासभर बुडवून ठेवलेल्या लडीचा रंग वरवर बसतो आणि कपड्यांना लागत राहतो.

मंजिष्ठीत डागाळलेली लडही गुळीत एकदोनदा बुडवली की छान वांगी रंगाची होते, तेव्हा ती फेकून देऊ नका. हातमोजे मात्र घाला. पातेल्यात चुना आहे, कातडी सोलवटते. निळी झालेली नखं लिंबानं, सोड्यानं, कशानंही साफ होत नाहीत. ती वाढतात, मग कापायची.