नव्या रोलर कोस्टरचा पहिला शनिवार-रविवार: प्लॅटफॉर्मवर उभं राहणाऱ्यांसाठी

उद्घाटनाच्या शनिवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी आमच्या कोस्टरची साखळी थांबली. गाडी चढणीच्या पाऊण उंचीवर होती, गाडीत २४ माणसं होती आणि खाली रेलिंगमध्ये उभी असलेली शेकडो माणसं वर बघत होती. गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या पोटाखाली खटके असतात. चढताना ते दात्यांवरून टकटक वाजत जातात. ती टकटक बंद पडली की खालची माणसंही बोलायची थांबतात. मी प्लॅटफॉर्म इनचार्ज होते. माइक माझ्या हातात होता, पण काय सांगायचं हे कोणी ठरवून ठेवलं नव्हतं.

पुढे आणखी दोन नव्या कोस्टरच्या उद्घाटनाला मी प्लॅटफॉर्म सांभाळला. तुम्ही पहिल्यांदाच उभे राहणार असाल तर शनिवारच्या आधी काय करून ठेवायचं आणि शनिवारी काय करायचं, ते सांगते.

आधीच्या आठवड्यात

चाचणीच्या फेऱ्यांमध्ये सीटवर पाणी भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे बसवतात. गाडीला वजन कळावं म्हणून ते ठीक आहे. पण पुतळ्याच्या खांद्याला पिशवी नसते. त्याचा चष्मा खिशातून बाहेर डोकावत नसतो. शेजारी बसायचं म्हणून तो रांगेतली जागा बदलत नाही. त्यामुळे गाडी शंभर वेळा नीट फिरली तरी प्लॅटफॉर्मची चाचणी झालेली नसते.

ती वेगळी करा. कर्मचाऱ्यांपैकी २४ जणांना पाहुणे बनवा. पिशव्या, टोप्या, सैल चपला, सगळं घेऊन येऊ द्या, आणि मुद्दाम चुका करायला सांगा. कोणी चुकीच्या सीटवर बसेल, कोणी लॅप बार (मांडीवर येऊन बसणारा दांडा) ओढायच्या आधी पट्टा लावायला विसरेल. गाडी येऊन थांबल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. आमचा पहिला आकडा ४ मिनिटांच्या वर गेला. तीन संध्याकाळी सराव केल्यावर तो अडीच मिनिटांवर आला.

उंची मोजायची पट्टी आणि बसून बघायची सीट प्रवेशाच्या तोंडाशी ठेवा. लॅप बार पुरेसा खाली येत नाही म्हणून कोणाला परत पाठवायचं असेल तर ते रांगेत शिरण्यापूर्वी व्हायला हवं. दोन तास उभं राहून प्लॅटफॉर्मवर पोचलेल्या माणसाला, मागची सगळी रांग बघत असताना, "तुम्हाला बसता येणार नाही" असं सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. तो काहीच बोलला नाही. मुलाचा हात धरून जिना उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती सीट उचलून बाहेर आणली.

गाडी का थांबते

हे प्रत्येक ऑपरेटरला तोंडपाठ पाहिजे, कारण पाहुणे तुम्हालाच विचारणार.

रूळ ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकड्यांमध्ये, वाटलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याची खात्री सेन्सरने दिल्याशिवाय मागच्या गाडीला कंट्रोल सिस्टीम पुढे सोडत नाही. तिला ब्रेकवर किंवा चढणीवर धरून ठेवते.

आता तीन गाड्यांचा कोस्टर डोळ्यांसमोर आणा. प्लॅटफॉर्मवर एका आजोबांना पट्टा लावता येत नाही, त्यात दीड मिनिट जास्त गेलं. फेरी संपवून आलेली दुसरी गाडी शेवटच्या ब्रेकवर थांबली. तिसरी चढणीवर होती, तिला पुढे जागा नाही, म्हणून साखळी थांबली. यंत्रात काहीही बिघडलेलं नाही, पण खालून बघणाऱ्याला कोस्टर बंद पडलेला दिसतो. पहिल्या शनिवार-रविवारी आमचे निम्म्याहून जास्त थांबे असेच होते. ११.२० चा थांबाही तसलाच होता. प्लॅटफॉर्मवर एक पिशवी सीटखाली अडकली होती.

म्हणून पिशव्यांचा बंदोबस्त गाडी येण्याआधी करा. पिशव्या ठेवायचे कप्पे पलीकडच्या बाजूला असतील तर माणसं गाडीतून चालत तिकडे जातात, परत येतात, आणि प्रत्येक वेळी २०-२५ सेकंद जातात. लॉकर रांगेच्या सुरुवातीला असले तर हा वेळ पूर्ण वाचतो. माणसांना ओळी आधीच वाटून द्या. "पुढे सरका" असं मोघम ओरडू नका. बोटाने दाखवा आणि आकडा सांगा: "तुम्ही दोघं चार नंबर." बार तपासताना तोंडाने विचारू नका, हाताने ढकलून बघा. दोन्ही बाजूंच्या तपासणाऱ्यांनी अंगठा वर केल्याशिवाय गाडी सोडायच्या बटणाकडे हात जाता कामा नये. घाई इथे करायची नाही, वेळ पिशव्यांमध्ये वाचवायचा.

दुसऱ्या प्रकारचे थांबे खऱ्या यंत्राचे. गाडी एका सेन्सरवरून दुसऱ्यापर्यंत ठरलेल्या वेळात पोचली पाहिजे. सकाळी गार हवेत ग्रीस घट्ट असतं, चाकं थंड असतात, गाडी हळू धावते. दुपारी तापल्यावर तीच गाडी वेगाने येते. भरलेली आणि रिकामी गाडीही सारखी धावत नाही. नव्या कोस्टरच्या चाकांचा आणि बेअरिंगचा स्वभाव अजून मेकॅनिकना कळायचा असतो. वेळ चुकली की सिस्टीम सगळं थांबवते. दरवाजे उघडण्यापूर्वी रिकाम्या फेऱ्या घेतात त्याचं हेही एक कारण आहे. त्या फेऱ्यांवर वेळ वाचवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

चावी आणि टोकन

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

सिस्टीमने थांबवलेली गाडी माणसाच्या हुकमाने पुढे सोडायची सोय असते, आणि ती मेंटेनन्सच्या चावीवर चालते. रांग ओरडत असते, वॉकी-टॉकीवर कोणीतरी "किती वेळ?" विचारत असतं, आणि सकाळपासून चार खोटे थांबे झालेले असतात. पाचवाही खोटाच असणार असं मनाने ठरवलेलं असतं. धोका त्या क्षणी असतो.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या उद्यानातल्या 'द स्मायलर' कोस्टरवर २ जून २०१५ रोजी हेच झालं. त्या दिवशी कोस्टरवर एक गाडी वाढवली होती. चाचणीची रिकामी गाडी पुढे रुळावर अडकून उभी होती. सिस्टीमने मागची १६ जणांची गाडी धरून ठेवली होती आणि ती बरोबर होती. पुढे काही नाही अशा समजुतीने तिचा थांबा माणसांनी रद्द केला. गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. गाडीतल्या दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. तो कोस्टर तेव्हा दोन वर्षांचा होता, आमचा तर दोन दिवसांचा होता.

आमच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही लाकडी फळीवर खिळे ठोकले आणि प्रत्येक गाडीसाठी एक पितळी टोकन केलं. रुळावर जितक्या गाड्या तितकी टोकनं फळीवर. गाडी शेडमध्ये गेली की टोकन मेकॅनिकच्या खिशात. गाडी वाढवली की तो स्वतः येऊन टोकन लावणार आणि ऑपरेटरच्या समोर वहीत सही करणार. चावी फिरवण्याआधी दोन माणसांनी वेगवेगळ्या जागी उभं राहून गाड्या डोळ्यांनी मोजायच्या, बोट दाखवून, मोठ्याने. एखादी गाडी दिसत नसेल तर ती सापडेपर्यंत काही हलवायचं नाही. याला सहा-सात मिनिटं लागतात. लागू द्या.

मोठ्या, अनुभवी उद्यानातही पहिल्याच दिवशी गाडीला गाडी लागलेली आहे. अमेरिकेतल्या सीडर पॉइंटवर ५ मे २०१८ रोजी 'स्टील व्हेंजन्स' सुरू झाला आणि त्याच दिवशी परत येणारी गाडी स्टेशनातल्या उभ्या गाडीला हलकीशी टेकली. चार जणांना प्रथमोपचार केंद्रात तपासलं. नंतर काही काळ तो कोस्टर एकाच गाडीवर चालवला. रांग खूप वाढते, पण एक गाडी कमी करणं हा लाजेचा निर्णय नाही. गाड्या कमी असल्या की सिस्टीमला थांबवायला कारणंही कमी उरतात. आमच्या तिसऱ्या उद्घाटनाला मी स्वतः आग्रह धरून शनिवारी दुपारपर्यंत दोनच गाड्या चालवल्या.

वर अडकलेल्यांशी बोलणं

पहिली घोषणा एका मिनिटाच्या आत. कारण कळलेलं नसलं तरी. कागदावर लिहून माइकला चिकटवून ठेवा: "गाडी सिस्टीमने थांबवली आहे. तुमचे बार बंद आहेत आणि तसेच राहतील. बसून राहा, डोकं मागे टेकवा. आमची माणसं जिन्याने तुमच्याकडे येत आहेत." आणि लगेच खरंच कोणाला तरी जिन्यावर पाठवा.

"पाच मिनिटं" असं कधीही म्हणू नका. मी म्हटलं होतं आणि ३५ लागली. सहाव्या मिनिटापासून माझं कोणी ऐकेना. त्याऐवजी "दर पाच मिनिटांनी मी तुमच्याशी बोलेन" असं सांगा आणि नवीन काही नसलं तरी बोला.

वर गेलेल्या माणसाने प्रत्येक ओळीपाशी थांबावं, नाव विचारावं, पाणी द्यावं. उतरवायचं ठरलं तर उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने, एका वेळी एक ओळ. एकाचा बार उघडताना बाकीच्यांचे बंद. जिन्याची जाळी पायाखाली आरपार दिसते, तिथे धीट माणसंही गोठतात. त्या शनिवारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पटकन उतरायला तयार झाली, तिच्या वडिलांचे पाय मात्र उचलेनात. आमच्या सहकाऱ्याने त्यांच्यापुढे उलटं चालत, "माझ्या खांद्याकडे बघा, पायाकडे नको" म्हणत त्यांना खाली आणलं. तेव्हापासून वर जाणाऱ्यांना आम्ही हे वाक्य शिकवतो.

रांगेला खरा आकडा सांगा

हिशेब सोपा आहे. २४ सीटची गाडी दर दीड मिनिटाला सुटली तर तासाला ९६० माणसं. उत्पादकाच्या कागदावर असा काहीतरी आकडा असतो आणि बाहेरच्या फलकावरची वेळ त्यावरून काढतात. पहिल्या शनिवारी गाडी अडीच मिनिटांनी सुटते, म्हणजे तासाला ५७६. रेलिंगमध्ये ११५० माणसं असतील तर फलक ७२ मिनिटं म्हणेल आणि लोक दोन तास उभे राहतील, तेही एकही थांबा झाला नाही तर. म्हणून दर अर्ध्या तासाला सुटलेल्या गाड्या मोजून फलक बदला.

फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल उद्यानात १३ जून २०१९ रोजी हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडच्या मोटरबाइकचा कोस्टर सुरू झाला, तेव्हा रांग १० तासांवर गेली होती. तेवढी गर्दी आली तर रांग आधीच बंद करायचं धैर्य लागतं. बंद व्हायच्या वेळेच्या किती आधी शेवटचा माणूस आत घ्यायचा ते सकाळीच ठरवा. कोस्टर थांबला तर रांगेतल्यांना परत येण्याची चिठ्ठी द्या. ती आधी छापून, शिक्का मारून ड्रॉवरमध्ये ठेवलेली हवी. थांबा पडल्यावर चिठ्ठ्या छापायला माणूस धावतो आणि तोवर रांग कठडे ओलांडून पुढे येते.

रिकाम्या सीटची गाडी फिरताना दिसली की लोक चिडतात: "चालू आहे की, मग आम्हाला का नाही?" त्यांना सांगा की ही तपासणीची फेरी आहे आणि ती दिसणं चांगली खूण आहे. सांगितलं की बहुतेक जण थांबतात.

रविवार

शनिवारी सगळे घाबरलेले असतात म्हणून नीट तपासतात. रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला हात आपोआप चालू लागतात, बार ढकलायचा राहतो, नुसता टेकवला जातो. तपासणाऱ्यांच्या जागा दर ४५ मिनिटांनी बदला आणि अर्ध्या दिवसानंतर बटणावरचा माणूस तर बदलाच. जेवायची सुटी गर्दीमुळे कधीही रद्द करू नका.

प्रत्येक थांबा वहीत लिहा: वेळ, कुठली गाडी, कुठला ब्लॉक, भरलेली की रिकामी, ऊन की सावली, चावी कोणी फिरवली. आमच्या एका कोस्टरवर दुपारी एकनंतर तीच गाडी त्याच सेन्सरवर चार वेळा थांबली, हे रविवारी रात्री वही वाचताना लक्षात आलं. मेकॅनिकने सोमवारी ती गाडी बाहेर काढली, तिचं टोकन खिशात टाकलं आणि वहीत सही केली. पुढचे तीन दिवस आम्ही उरलेल्या दोन गाड्यांवर चाललो.