व्हॉल्यूम रेंडरिंग जीपीयूवर आणलं, तरी अडखळतंय? या चुका टाळा

व्हॉल्यूम रेंडरिंग म्हणजे स्कॅनसारख्या त्रिमितीय डेटाचं चित्र काढणं. सीटी स्कॅनचा डेटा थ्री-डी टेक्स्चरमध्ये भरला, शेडरमध्ये (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) रे कास्टिंग लिहिलं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधून डेटात एक किरण सोडून वाटेत ठरावीक अंतरावर किमती (सँपल) घेतल्या, तरी चित्र फिरवताना धक्के बसतात. अशा वेळी बहुतेक जण आधी सँपलमधलं अंतर वाढवतात. वेग मिळतो खरा, पण चित्र फिकं पडतं आणि त्यावर लाकडातल्या रेषांसारखे पट्टे उमटतात.

फिकं पडायचं कारण असं, की ट्रान्सफर फंक्शनमधली (डेटाच्या कोणत्या किमतीला कोणता रंग आणि किती अपारदर्शकता हे ठरवणाऱ्या टेबलमधली) अपारदर्शकता ठरावीक अंतर धरून दिलेली असते. अंतर दुप्पट केलंत तर तीही सुधारून घ्यावी लागते. आधी ०.३ असेल तर आता १−(१−०.३)², म्हणजे ०.५१. सरळ दुप्पट करून ०.६ घेणं चूक. पट्टे घालवायला प्रत्येक किरणाची सुरुवात एका पावलाच्या आत रँडम सरकवा; थोडा नॉइज येईल, पण तो डोळ्याला कमी खुपतो.

माझ्या मते अंतराला हात लावायची वेळ शेवटी यावी. खरा वेळ जातो तो रिकाम्या जागेत. स्कॅनमध्ये शरीराभोवती भरपूर हवा असते आणि किरण तिथेही इमानेइतबारे सँपल घेत बसतात. डेटाचे प्रत्येक बाजूला ८ किंवा १६ व्हॉक्सेलचे (व्हॉक्सेल म्हणजे थ्री-डी पिक्सेल) ठोकळे पाडा, प्रत्येकाची किमान-कमाल किंमत साठवा आणि ट्रान्सफर फंक्शननुसार त्या दोन किमतींमधलं सगळं पारदर्शक असेल तर ठोकळा ओलांडून पुढे जा. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, ‘रिकामं’ कोणतं हे डेटा लोड करतानाच कायमचं ठरवलं जातं. मग ट्रान्सफर फंक्शन बदललं की अवयवाचे तुकडे गायब! दुसरी, किमान-कमाल काढताना शेजारच्या ठोकळ्याचा एक व्हॉक्सेल धरलेला नसतो. इंटरपोलेशन (दोन व्हॉक्सेलमधल्या जागेची किंमत काढणं) शेजाऱ्याची किंमत वापरतं, त्यामुळे ठोकळ्यांच्या सीमेवर भेगा दिसतात.

किरण मागून पुढे, म्हणजे दूरच्या टोकाकडून डोळ्याकडे, चालवत असाल तर लवकर थांबायची सोय राहत नाही. पुढून मागे या, रंगाला आधी अल्फाने (अपारदर्शकतेने) गुणा आणि साठलेली अपारदर्शकता ०.९५ च्या वर गेली की लूप सोडा.

मेमरीचा हिशेबही करा. १६ बिटचा ५१२×५१२×५१२ डेटा २५६ एमबी होतो. कारण नसताना ३२ बिट फ्लोटमध्ये नेला की ५१२. रंग सीपीयूवर लावून अख्खा व्हॉल्यूम पुन्हा पाठवणं तर टाळाच. ट्रान्सफर फंक्शन बदललं की फक्त त्याचा छोटा टेबल पाठवायचा.

आणि वेळ मोजताना ड्रॉ कॉलच्या (जीपीयूला चित्र काढायला सांगणाऱ्या आदेशाच्या) आधी-नंतर सीपीयूचं घड्याळ लावू नका. तो कॉल काम रांगेत टाकून लगेच परततो, त्यामुळे आकडा खोटा येतो. जीपीयूची टायमर क्वेरी वापरा. विंडोजवर स्क्रीन क्षणभर काळी होऊन ड्रायव्हर रीसेट झाल्याचा संदेश आला, तर बहुधा एकच ड्रॉ दोन सेकंदांच्या डीफॉल्ट मर्यादेपलीकडे गेलेला असतो. रजिस्ट्रीत ती मर्यादा वाढवण्यापेक्षा चित्राचे तुकडे करून काढा.