थंडी पडली, झिंग्यांच्या खाद्याला हात आखडा

निफाडकडे पहाटेचा गारठा सुरू झाला की शेततळ्यातल्या झिंग्यांची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या कोळंबीची, भूक मरते. आपला हात मात्र खाद्याच्या पोत्यावरच्या तक्त्याप्रमाणे चालूच राहतो. या दिवसांत ही कोळंबी रोगाने कमी आणि न खाल्लेल्या खाद्याने जास्त मरताना मी पाहिली आहे. गेल्या हिवाळ्यात दिंडोरीच्या बाजूला एका तळ्याचा तळ काठीने ढवळला, तर काळा गाळ वर आला आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. झिंगे तळ्याच्या अस्तराच्या प्लास्टिक कागदाला धरून पाण्याच्या काठावर आलेले. मालकाने दुकानदाराच्या सांगण्यावरून आतड्याचं महागडं टॉनिक आणलं होतं, खाद्य मात्र मूठभरही कमी केलं नव्हतं.

उरलेलं खाद्य तळाशी सडतं आणि झिंगाही तळाशीच राहतो, म्हणून सडण्याचा पहिला फटका त्यालाच.

यावर इलाज एकच, चेक ट्रे, म्हणजे खाद्य किती खाल्लं ते बघायला पाण्यात सोडलेला ट्रे. खाद्य टाकताना ट्रेमध्येही मूठभर ठेवा आणि 2 तासांनी उचला. उरलं असेल तर पुढच्या वेळी चौथाई कमी, पुन्हा उरलं तर निम्मं. दिवसाच्या खाद्याचा हिशेब असा: 1800 झिंगे, सरासरी 25 ग्रॅम, म्हणजे 45 किलो वजन, त्या वजनाच्या 3 टक्क्यांनी दिवसाला 1 किलो 350 ग्रॅम. हा आकडा कोमट पाण्यासाठी आहे. पाणी 20 अंशांखाली गेलं की मी निम्म्यावर येतो, 18 खाली खाद्य बंद. थर्मामीटर नसेल तर द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या की त्या दिवशी पोतं उघडू नका.

आता फिशमीलचं, म्हणजे खाद्यातल्या माशांच्या पुडीचं. ते महाग, म्हणून खाद्यात सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) वाढली आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण सोयात मिथिओनिन हे प्रथिनातलं गरजेचं अमिनो आम्ल कमी पडतं. शिवाय झिंगा स्वतः कोलेस्टेरॉल तयार करू शकत नाही, आणि ते सोयात नसतं. ही भरपाई खाद्य बनवतानाच व्हायला हवी. वरून भुकटी चोळून ती नीट होत नाही. प्रथिनं 28 ते 32 टक्के आहेत का, पोतं ताजं आहे का, एवढं बघा. घरी खाद्य बनवत असाल तर कच्चं सोयाबीन घालू नका आणि बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड फेकून द्या. सुकटाची थोडी पूड मिसळली की ट्रे लवकर रिकामा होतो, हा माझा अनुभव.

नेमाची कामं:
- पहाटे पाण्यातला प्राणवायू, लिटरला 3 मिलिग्रॅमखाली गेला तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लगेच
- पाण्याचा सामू (पीएच) 7 ते 8.5
- खाद्याचा मोठा वाटा संध्याकाळी
- आठवड्याला 20 झिंग्यांचं वजन
- तळाचा गाळ उपसणं

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर बंदी आहे. त्यांची पुडी कोणी हातात दिली तर परत करा. विक्रीजोगे मोठे झिंगे कडाक्याच्या थंडीआधीच काढून घ्या, आणि आजच्या संध्याकाळचं खाद्य टाकण्याआधी सकाळचा ट्रे उचलून बघा.