उंदरातला ल्युकेमियाचा विषाणू: ऊती तपासताना या चुका टाळा

मोलोनी हा उंदरात ल्युकेमिया करणारा विषाणू. तो टोचलेल्या उंदराच्या यकृतात पीसीआरचा (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या चाचणीचा) बँड, म्हणजे पट्टा, दिसला, की 'यकृताला संसर्ग' असं लिहून मोकळं व्हायचं, ही घाई मी वर्षानुवर्षं पाहते आहे. नळीत विषाणूचा डीएनए होता, एवढंच तो बँड सांगतो. तो कोणत्या पेशीतून आला, हे सांगत नाही.

एका विद्यार्थ्याच्या जेलवर (डीएनएचे पट्टे जिच्यावर दिसतात त्या थरावर) थायमस (छातीतली, टी-पेशी घडवणारी ग्रंथी), प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू, सगळीकडे ठसठशीत बँड होते. पोस्टरही तयार! मी विचारलं, न टोचलेला उंदीर कुठे आहे? कंट्रोल म्हणून त्याने नुसतं पाणी चालवलं होतं. त्याच जातीच्या न टोचलेल्या उंदराच्या शेपटीचा डीएनए घेतला, तर तोच बँड, तितकाच ठळक. सी५७बीएल/६ उंदराच्या जीनोममध्ये ईएमव्ही-२ हा प्रोव्हायरस (पेशीच्या डीएनएत शिरून बसलेला विषाणू) पिढीजात असतो, शिवाय त्याचे डझनावारी भाऊबंद. प्रायमर (पीसीआरला कुठून सुरुवात करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) गॅग या विषाणूच्या जनुकाच्या सामाईक भागावर बेतले, की तेच हाती लागतात. मी प्रायमर एलटीआरच्या (विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना असणाऱ्या नियंत्रक तुकड्याच्या) यू३ भागातून घेते आणि न टोचलेल्या भावंडाशिवाय जेल चालवूच देत नाही. एक्सएमआरव्ही या उंदरांच्या विषाणूशी मिळत्याजुळत्या विषाणूचं, तो माणसात सापडल्याच्या दाव्याचं प्रकरण आठवा: २००९ साली 'सायन्स'मध्ये गाजलेला शोधनिबंध भेसळीच्या घोळात २०११ साली मागे घेतला गेला.

दुसरी चूक म्हणजे अवयव रक्तासकट काढणं. संसर्ग झालेल्या रक्तपेशी सगळीकडे फिरत असतात. हृदयातून सलाइन सोडा आणि यकृत फिकट पडेपर्यंत कात्री लावू नका. त्यातली दहा मिनिटं वाचवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. मग छेद घेऊन अँटिबॉडीने रंगवा. हेपॅटोसाइटवर, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशीवर, या विषाणूचा ग्राहक (ज्याला धरून तो आत शिरतो ते प्रथिन) जवळपास नसतोच, आणि विभाजन न होणाऱ्या पेशीच्या केंद्रकात तो शिरू शकत नाही.

मोठे उंदीर टोचू नका, नवजात पिल्लं घ्या. एफव्ही-१ हे अशा विषाणूंना अडवणारं उंदराचं जनुक न पाहता जात निवडू नका. एन-ट्रॉपिक विषाणू (या जनुकाचा एन प्रकार असलेल्या उंदरात वाढणारा) बाल्ब/सी जातीच्या उंदरात अडतो. फ्रेंड या उंदरातल्या दुसऱ्या ल्युकेमिया विषाणूचा जुना साठा असेल, तर त्यात एलडीव्ही या उंदरांच्याच वेगळ्या विषाणूची भेसळ नाही ना, ते आधी तपासा.

आणि गाठ थायमसमध्ये आली म्हणून विषाणू फक्त तिथेच गेला, असं धरू नका. मोलोनी प्लीहेत आणि अस्थिमज्जेतही वाढतो. रोग कुठे उमटेल ते बरंचसं एलटीआरमधला एन्हान्सर (जनुकांचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) ठरवतो. १९८०च्या दशकात फ्रेंडला मोलोनीचा तो तुकडा जोडला, तेव्हा लाल पेशींच्या ल्युकेमियाऐवजी थायमसचा लिम्फोमा होऊ लागला. मोलोनीचा लिम्फोमा उमटायला तीन-चार महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात उंदीर कापून 'रोग नाही' असं वहीत लिहू नका.